एका समुद्रातल्या होड्या: ऑनलाइन शिक्षणासाठी सिम्युलेशन खेळ रचण्याची पहिली पावले

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगड जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांत शिकवणारे अनेक शिक्षक आता धड्यांच्या चित्रफिती, प्रश्नमंजूषा आणि सादरीकरणे सहज तयार करू शकतात. त्यापुढचे पाऊल म्हणून सिम्युलेशन खेळ रचावा असे ज्यांच्या मनात आहे, पण सुरुवात कोठून करावी हे ज्यांना उमगत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. प्रोग्रॅमिंग येत असलेच पाहिजे असे नाही. गुणाकार, टक्केवारी आणि स्प्रेडशीटची जुजबी ओळख असली तरी पहिला खेळ उभा राहू शकतो.

प्रश्नमंजूषा आणि सिम्युलेशन खेळ यांतील फरक आधी नीट समजून घ्यावा. प्रश्नमंजूषेत उत्तर आधीच ठरलेले असते आणि विद्यार्थ्याने ते ओळखायचे असते. सिम्युलेशन खेळात विद्यार्थ्यासमोर एक परिस्थिती असते, तो निर्णय घेतो, काही नियमांनुसार ती परिस्थिती बदलते आणि पुढचा निर्णय त्याला त्या बदललेल्या परिस्थितीतच घ्यावा लागतो. शिकणे घडते ते निर्णय आणि परिणाम यांच्या या साखळीत. चित्रे, संगीत आणि हलणारी पात्रे ही नंतरची बाब आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९७१ मध्ये डॉन रॉविट्श या शिकाऊ शिक्षकाने दोन सहकाऱ्यांसह इतिहासाच्या वर्गासाठी ‘द ओरेगॉन ट्रेल’ हा खेळ तयार केला, तेव्हा तो टेलिटाइप यंत्रावर चालत असे. पडदा नव्हता, चित्र नव्हते, कागदावर उमटणारी अक्षरे तेवढी होती. तरीही मुले त्यात रमली, कारण अन्न, पैसा आणि अंतर यांचा मेळ घालण्याचे निर्णय त्यांना स्वतःला घ्यावे लागत होते.

पुढील सर्व टप्प्यांसाठी एकच उदाहरण घेतले आहे: एकाच समुद्रात मासेमारी करणारे चार संघ. हर्णै, मिरकरवाडा, देवगड किंवा मालवण या बंदरांच्या आसपास राहणाऱ्या विद्यार्थ्यांना हा विषय पुस्तकाबाहेरही भेटतो, त्यामुळे खेळातील नियम खरे वाटतात की नाही हे ते लगेच सांगू शकतात. रचनाकारासाठी अशी पारख फार मोलाची असते.

पहिला टप्पा: खेळाच्या आधी निर्णय शोधावा

बहुतेक नवखे रचनाकार विषयापासून सुरुवात करतात: ‘मासेमारीवर खेळ करू’, ‘हापूसवर खेळ करू’. विषय ठरल्याने खेळ ठरत नाही. त्या विषयात कोणाला, केव्हा आणि कशाच्या बदल्यात काय निवडावे लागते हे एका वाक्यात लिहिता आले, तरच खेळ रचता येतो. आपल्या उदाहरणात ते वाक्य असे होईल: ‘समुद्रातील मासळीचा साठा सर्वांचा असताना, प्रत्येक संघाला दर हंगामात आणखी एक होडी घ्यावी की न घ्यावी हे ठरवावे लागते, होडीचा लाभ त्या संघाला मिळतो आणि साठ्याचा तोटा सर्वांत वाटला जातो.’ या वाक्यात निर्णय आहे, मोह आहे आणि उशिरा दिसणारा परिणामही आहे. हे तीन घटक ज्या विषयात नाहीत तो विषय सिम्युलेशनसाठी घेऊ नये. कोकणातील बंदरांची नावे किंवा माशांच्या जाती पाठ करून घेण्यासाठी चित्रपत्ते पुरेसे आहेत. त्यासाठी खेळाचे यंत्र उभे करणे म्हणजे श्रम वाया घालवणे होय.

हे तीन घटक कोकणातील इतर विषयांतही सापडतात. हापूसच्या बागायतदाराला मोहोर पाहून बाग व्यापाऱ्याला कराराने द्यावी की फळ तयार होईपर्यंत स्वतः सांभाळावे हे ठरवावे लागते; अवकाळी पाऊस, तुडतुडे आणि भुरी यांचा धोका एकीकडे आणि चढ्या भावाची आशा दुसरीकडे. भारतीय हवामान विभाग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चार रंगांत इशारे देतो. त्यांतील कोणत्या इशाऱ्याला गावाने कोणती हालचाल करावी यावरही उत्तम खेळ होऊ शकतो. मात्र येथे सावध राहावे. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळ, जुलै २०२१ मधील चिपळूणचा पूर आणि महाड तालुक्यातील तळिये येथील दरड या घटना अनेक घरांत अजून ताज्या आहेत. ज्या मुलांनी घर किंवा माणूस गमावले आहे त्यांच्यासमोर मृतांच्या संख्येवर गुण देणारा खेळ ठेवणे क्रूरपणाचे ठरेल. अशा विषयात काल्पनिक गाव घ्यावे आणि पूर्वतयारीच्या निर्णयांवरच भर द्यावा.

वाक्य लिहून झाले की खेळानंतर विद्यार्थ्याला काय करता यावे हेही लिहावे. ‘मत्स्यव्यवसायाची माहिती होईल’ असे लिहू नये. ‘साठा, वाढ आणि पकड यांचा संबंध विद्यार्थी आलेख काढून समजावू शकेल आणि सामायिक साठा टिकवण्यासाठी एक नियम सुचवून त्याचे परिणाम तपासू शकेल’ असे लिहावे. पुढे कोणता तपशील खेळात ठेवावा आणि कोणता गाळावा अशी शंका येईल तेव्हा हेच वाक्य निवाडा करते.

दुसरा टप्पा: आधी झालेले काम खेळून पाहावे

आपला विषय नवा वाटला तरी त्याची घडण बहुधा कोणीतरी आधी केलेली असते. डेनिस मेडोज यांनी तयार केलेला ‘फिश बँक्स’ हा खेळ नेमका सामायिक मत्स्यसाठ्यावर आहे आणि जगभर वापरला जातो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६० च्या सुमारास आकाराला आलेला ‘बिअर गेम’ मालाच्या पुरवठ्यातील विलंबामुळे मागणीचे आकडे कसे भरकटतात हे दाखवतो. विलंब म्हणजे काय हे कळण्यासाठी तो एकदा तरी खेळावा. नोबेल पुरस्कारप्राप्त भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातील विज्ञानाची अनेक सिम्युलेशन्स मराठीतही उपलब्ध आहेत. ती काटेकोर अर्थाने खेळ नाहीत, पण पडद्यावर किती गोष्टी ठेवाव्यात आणि किती ठेवू नयेत हे त्यांतून फार चांगले शिकता येते.

खेळताना वही जवळ ठेवावी. कोणत्या क्षणी आपण थांबून विचार केला आणि कोणत्या क्षणी नुसते बटण दाबत गेलो याची नोंद करावी. दुसऱ्या प्रकारचे क्षण आपल्या खेळातून काढून टाकायचे आहेत.

तिसरा टप्पा: नियमांचे गणित मांडावे

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नवखे लोक नेमका हाच घाईने उरकतात. सिम्युलेशन म्हणजे वास्तवाचे सोपे केलेले गणित. ते चुकले तर वरचे सारे सजावट म्हणून उरते, आणि त्याहून वाईट म्हणजे मुले चुकीची गोष्ट पक्की शिकतात.

मासळीच्या साठ्यासाठी १९५४ मध्ये मिल्नर शेफर यांनी वापरलेले प्रारूप सुरुवातीस पुरेसे आहे. त्यामागचा विचार सरळ आहे. समुद्रात मासे फार थोडे उरले तर वीण कमी, म्हणून वाढही थोडी. मासे खचाखच भरले तर अन्न आणि जागा अपुरी, म्हणून तेव्हाही वाढ थोडी. या दोन टोकांच्या मधोमध वाढ सर्वाधिक. सूत्र असे: वर्षाची वाढ = वाढीचा दर × साठा × (१ − साठा ÷ कमाल साठा).

आपल्या खेळात कमाल साठा १००० टन आणि वाढीचा दर ०.५ घेऊ. साठा १००० असताना वाढ शून्य येते, ८०० असताना ८० टन, ५०० असताना १२५ टन, २०० असताना पुन्हा ८० टन आणि १०० असताना ४५ टन. म्हणजे हा समुद्र दर वर्षी जास्तीत जास्त १२५ टन मासळी, साठा न घटवता, देऊ शकतो. हा आकडा रचनाकाराला माहीत हवा. खेळाडूला तो सांगू नये.

आता होड्या. प्रत्येक होडी वर्षाला उपलब्ध साठ्याच्या ३ टक्के मासळी पकडते असे मानू. चार संघ, प्रत्येकाच्या दोन, अशा ८ होड्या मिळून २४ टक्के पकडतील. पहिल्या वर्षी साठा भरलेला असल्याने प्रत्येक होडीला ३० टन मासळी मिळेल. नंतर साठा घटत जाऊन ५२० टनांपाशी स्थिरावेल आणि तेथे वर्षाची एकूण पकड सुमारे १२५ टन, म्हणजे होडीमागे १५.६ टन राहील. होड्या १२ झाल्या तर साठा २८० टनांवर येऊन थांबतो आणि एकूण पकड १०१ टनांवर घसरते. होड्या १६ झाल्या तर साठा अखेरीस ४० टन उरतो आणि सर्वांची मिळून पकड १९ टन. होड्या दुप्पट आणि मासळी एक-षष्ठांशाहूनही कमी, हे उत्तर गणितातून निघालेले पाहिले की खेळात दम आहे याची खात्री पटते.

परंतु हा घसरणीचा परिणाम लगेच दिसत नाही, आणि खेळाची खरी शिकवण या विलंबात आहे. भरलेल्या समुद्रात पहिल्याच वर्षी १६ होड्या उतरल्या तर पकड अनुक्रमे ४८०, २५०, १९० आणि १५६ टन अशी येते. पहिल्या वर्षीचे ४८० टन पाहून कोणत्याही संघाला आपला निर्णय योग्यच वाटेल.

पैशाचा हिशेब जोडल्याशिवाय मोह निर्माण होत नाही. एका टनाला एक नाणे भाव धरू, आणि डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार व जाळ्यांची दुरुस्ती मिळून होडीमागे वर्षाला १० नाणी खर्च धरू. साठा स्थिरावल्यानंतरचा एकूण नफा मोजला तर ६ होड्यांवर तो सुमारे ५५ नाणी, ८ होड्यांवर सुमारे ४५, ११ होड्यांवर जेमतेम २ आणि १२ होड्यांवर १९ नाण्यांचा तोटा असा येतो. म्हणजे सर्वांचे मिळून सर्वाधिक भले ६ होड्यांत आहे, सर्वाधिक मासळी ८ होड्यांवर मिळते आणि प्रत्येकाने आपापल्यापुरते पाहिले तर होड्या ११ पर्यंत वाढत जातात, कारण तोपर्यंत नव्या होडीला काही ना काही सुटत असते. खुल्या साठ्याबाबत अर्थतज्ज्ञ स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्येच मांडलेला निष्कर्ष हाच आहे. तो व्याख्यानातून सांगितला तर मुले मान डोलावून पुढे जातात. स्वतःच्या तिजोरीत घडला तर ती कारण विचारतात.

नवी होडी ३० नाण्यांना मिळावी आणि पुढच्या फेरीत पाण्यात उतरावी असा नियम ठेवावा. पहिल्या फेरीत होडीमागे २० नाणी नफा दिसतो, त्यामुळे होडी दोन फेऱ्यांतच वसूल होईल असे संघाला वाटते; प्रत्यक्षात ती पाण्यात उतरेपर्यंत साठा घटून, होड्या एकही न वाढल्या तरी, होडीमागची पकड २२.८ टनांवर आलेली असते. विकताना होडीला निम्मीच किंमत मिळावी, कारण वास्तवातही केलेली गुंतवणूक सहज माघारी फिरवता येत नाही.

गणित मांडताना दोन बारीक गोष्टी तपासाव्यात. होड्या ३४ झाल्या की ३ टक्क्यांच्या हिशेबाने पकड साठ्यापेक्षा जास्त भरते आणि साठा उणे होतो. म्हणून पकडीवर कमाल मर्यादा घालावी. तसेच प्रत्येक फेरीत आधी पकड मोजायची की आधी वाढ, हा क्रम एकदाच ठरवून लिहून ठेवावा. वरील आकडे दोन्ही गोष्टी फेरीच्या आरंभीच्या साठ्यावर मोजून काढले आहेत. क्रम बदलला तर आकडे बदलतात, आणि दोन शिक्षकांच्या वर्गांत एकाच खेळाची दोन उत्तरे येऊ लागतात.

चौथा टप्पा: खेळाडूला काय दिसेल आणि काय दिसणार नाही

समुद्रात नक्की किती मासळी आहे हे कोणत्याही तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, दिसत नाही. त्याला दिसते ती जाळ्यात आलेली मासळी, लिलावातला भाव आणि डिझेलचे बिल. म्हणून पडद्यावर साठ्याचा आकडा दाखवू नये. संघाची स्वतःची पकड, स्वतःची शिल्लक आणि बंदरातील एकूण होड्या एवढेच दाखवावे. साठ्याचा आकडा समोर असला की खेळ सोप्या वजाबाकीवर येतो आणि अनिश्चिततेत निर्णय घेण्याचा सराव निघून जातो.

थोडे नशीब खेळात असावे, पण बेताने. वादळी हवामानामुळे एखाद्या वर्षी पकड दहा टक्क्यांनी घटावी, एखाद्या वर्षी तेवढीच वाढावी. चढउतार याहून मोठे ठेवले तर प्रत्येक संघ अपयशाचे खापर हवामानावर फोडेल आणि स्वतःच्या निर्णयाकडे पाहणार नाही.

फेरीची सुरुवात हंगामाप्रमाणे ठेवल्यास खेळ आपल्या किनाऱ्याचा वाटतो. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी येथे वर्षानुवर्षे पाळली गेली आहे, आणि परंपरेने नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून अनेक जण होड्या बाहेर काढतात. बंदीचा कालावधी शासनाच्या आदेशानुसार बदलू शकतो, म्हणून तो खेळात बदलता येण्याजोगा आकडा म्हणून ठेवावा. पुढील इयत्तांसाठी हाच आकडा प्रयोगाचे साधन होतो: बंदी दुप्पट केली तर काय, उठवली तर काय.

एकूण किती फेऱ्या आहेत हे विद्यार्थ्यांना सांगू नये. शेवटची फेरी ठाऊक असली की त्या फेरीत सारेच संघ समुद्र उपसतात आणि खेळाचा निष्कर्ष बिघडतो. शिक्षकाने मनाशी आठ ते दहा फेऱ्या ठरवाव्यात.

संघांना एकमेकांशी बोलू द्यावे की नाही, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. पहिल्या तीन-चार फेऱ्या बोलण्यास मनाई असावी. त्यानंतर एक बैठक घडवावी आणि संघांनी आपापसांत करार करायचा की नाही हे त्यांच्यावरच सोडावे. सामायिक साधनसंपत्ती लोकांच्या हातून नेहमी उद्ध्वस्तच होते असे नाही. अनेक समाज स्वतः नियम करून, स्वतः देखरेख ठेवून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकवतात, हे एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरच्या उदाहरणांतून दाखवले आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बैठकीची सोय नसलेला खेळ मुलांना एवढेच शिकवील की माणसे हावरी असतात. ही अर्धवट आणि अन्यायकारक शिकवण आहे. मच्छीमार कुटुंबांतील मुलांसमोर तर ती मुळीच ठेवू नये.

पाचवा टप्पा: चिंचोक्यांवर चाचणी

संगणक उघडण्याआधी खेळ कागदावर खेळून पाहावा. साठा म्हणून शंभर चिंचोके एका परातीत घ्यावेत, प्रत्येक चिंचोका म्हणजे दहा टन. पकड आणि वाढ यांचे पूर्णांकात बसवलेले तक्ते आधी छापून घ्यावेत, म्हणजे खेळताना कोणी आकडेमोडीत अडकणार नाही. चार-पाच जणांना बसवावे, परात झाकून ठेवावी आणि आपण स्वतः समुद्र व्हावे: वाढ घालणे, पकड काढणे आणि प्रत्येकाला फक्त त्याचा वाटा देणे हे काम आपले.

या बैठकीत खेळ किती वेळ घेतो, कोणता नियम दोनदा समजावावा लागतो, कोणत्या फेरीपासून लोक कंटाळतात हे सारे उघड होते. एखादा नियम पुन्हापुन्हा समजावावा लागत असेल तर वाक्य बदलून उपयोग नसतो; बहुधा तो नियमच काढावा लागतो. कागदावर नियम बदलायला खोडरबर पुरतो, तर ऑनलाइन खेळ तयार झाल्यावर त्याच बदलाला कित्येक दिवस लागू शकतात, म्हणून या टप्प्यावर कंजूषी करू नये.

सहावा टप्पा: नेटवर्क पाहून साधन निवडावे

डोंगरउतारावरच्या वाड्यांत नेटवर्क अखंड मिळेलच असे नाही, पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते आणि अनेक घरांत एकच मोबाइल दोन-तीन भावंडांत फिरतो. त्यामुळे सर्वांनी एकाच वेळी जोडलेले राहावे अशी अट असलेला खेळ आपल्याकडे पहिल्या फेरीतच कोलमडण्याचा संभव असतो. त्यापेक्षा एका दिवसाला एक फेरी ठेवावी: संध्याकाळपर्यंत प्रत्येक संघाने आपला निर्णय व्हॉट्सॲपवर शिक्षकाला कळवावा, शिक्षकाने तो स्प्रेडशीटमध्ये भरावा आणि सकाळी प्रत्येक संघाला त्याचा निकाल स्वतंत्रपणे पाठवावा. ऐकायला हे फार साधे वाटते, परंतु संघाला घरी विचार करायला वेळ मिळतो, आणि घरातली मोठी माणसे त्या चर्चेत ओढली जातात हा लाभ कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरने मिळणार नाही.

स्प्रेडशीटमध्ये एका ओळीला एक वर्ष ठेवावे. स्तंभ असे: वर्षारंभीचा साठा, प्रत्येक संघाच्या होड्या, एकूण होड्या, हवामानाचा गुणक, एकूण पकड, वाढ, वर्षाअखेरचा साठा, आणि नंतर प्रत्येक संघाची मिळकत, खर्च व शिल्लक. वाढीचा दर, कमाल साठा, होडीची क्षमता आणि खर्च हे आकडे सूत्रांत कोंबू नयेत; वेगळ्या कोपऱ्यात लिहून सूत्रांनी ते तेथून घ्यावेत. पुढे दुसऱ्या शिक्षकाला आकडे बदलायचे असतील तर सूत्रांना हात लावावा लागत नाही.

एकट्याने खेळायचा, संवाद आणि पर्याय यांवर चालणारा खेळ हवा असेल, उदाहरणार्थ आंबा बागायतदाराचे एक वर्ष, तर ‘ट्वाइन’ हे मोफत साधन उत्तम. त्यातून तयार होणारा खेळ एकाच एचटीएमएल फाइलमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानात, मावतो. चित्रे-ध्वनी टाळले तर ही फाइल अगदी लहान राहते, एकदा मोबाइलवर आली की नेटवर्कशिवाय चालते आणि एकाकडून दुसऱ्याकडे सहज जाते. विद्यार्थ्यांनीच खेळ घडवावा असा हेतू असेल तर ‘स्क्रॅच’ हे पडद्यावर ठोकळे जोडून प्रोग्रॅम करण्याचे मुलांसाठीचे साधन घ्यावे. ‘गोडो’सारखे पूर्ण गेम इंजिन, म्हणजे व्यावसायिक धर्तीचे खेळ घडवण्याचे सॉफ्टवेअर, पहिल्या खेळासाठी घेऊ नये, घेतलेच तर चौथी किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्यावी, कारण देवनागरी जोडाक्षरे नीट जुळवून दाखवण्याची सोय तेथपासून आली आहे.

देवनागरीसंबंधी आणखी एक अडचण ठाऊक असू द्यावी. विद्यार्थ्याने चौकटीत ‘१२’ असे मराठी आकड्यांत लिहिले तर ब्राउझरमधले खेळ ज्या भाषेत चालतात ती जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानत नाही आणि हिशेब तुटतो. आकडा टंकायला लावण्याऐवजी ‘एक होडी घ्या’, ‘होडी घेऊ नका’, ‘एक होडी विका’ अशी बटणे द्यावीत. टंकणे अटळच असेल तर हिशेबाआधी आकड्यांचे रूपांतर करून घ्यावे.

विद्यार्थ्यांची नावे, मोबाइल क्रमांक किंवा छायाचित्रे खेळात साठवू नयेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, आणि ‘पापलेट संघ’, ‘बांगडा संघ’ एवढ्या ओळखीवर आपला खेळ उत्तम चालतो.

सातवा टप्पा: खेळानंतरची चर्चा आधीच लिहून ठेवावी

खेळ संपला की वर्ग संपला असे समजणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. खेळताना विद्यार्थी जिंकण्यात गुंतलेला असतो; काय घडले याचा अर्थ तो नंतरच लावू शकतो, आणि त्यासाठी त्याला प्रश्न विचारणारे कोणी लागते. खेळाला जेवढा वेळ दिला त्याच्या निम्मा तरी वेळ चर्चेला ठेवावा.

चर्चेआधी प्रत्येकाने एकट्याने दोन ओळी लिहून पाठवाव्यात: कोणत्या फेरीत काहीतरी बिघडले आहे असे वाटले आणि तेव्हा आपण काय केले. ऑनलाइन वर्गात दोघेतिघेच बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. लेखी उत्तरांमुळे गप्प राहणाऱ्यांचा विचारही हाती येतो. त्यानंतर शिक्षकाने साठ्याचा आलेख प्रथमच दाखवावा. पकड चांगली मिळत असताना साठा कसा खाली जात होता हे त्या रेषेत दिसते, आणि पुढचे प्रश्न बहुधा मुलेच विचारू लागतात. करार झाला असेल तर तो का टिकला किंवा का मोडला, मोडणाऱ्याला कोणी पाहिले का, पाहिले असते तर काय फरक पडला असता, यावर बोलते करावे. कोणत्याही संघाला ‘तुमच्यामुळे समुद्र रिकामा झाला’ असे म्हणू नये. नियमांच्या चौकटीत त्या संघाचा निर्णय त्या वेळी शहाणपणाचाच होता, आणि चौकट कशी बदलता येईल हा खरा प्रश्न आहे.

शेवटी प्रारूपातील उणिवा उघडपणे मांडाव्यात. आपल्या खेळात एकच जात आहे. खऱ्या समुद्रात सुरमई, बांगडा, तारली, कोळंबी सारे एकत्र आहे आणि एका जाळ्यात नको ती मासळीही येते. आपल्या होड्या सगळ्या सारख्या आहेत. प्रत्यक्षात किनाऱ्यावरून ओढली जाणारी रापण, छोटी होडी, समुद्रतळावरून जाळे ओढणारा ट्रॉलर आणि माशांच्या थव्याला जाळ्याने वेढणारी पर्ससीन नौका यांच्या क्षमतेत फार अंतर आहे, आणि आपल्या किनाऱ्यावरचा बराचसा संघर्ष त्या अंतरातूनच उभा राहिला आहे. आपल्या खेळात पिल्लू आणि मोठा मासा असा भेद नाही. पण पापलेटला राज्यमासा म्हणून मान देणाऱ्या महाराष्ट्रानेच २०२३ मध्ये अनेक जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे. ज्या विद्यार्थ्याचे वडील किंवा आजोबा समुद्रावर जातात त्याला या उणिवा आधी विचाराव्यात. तो जे सांगेल त्यातून एक नियम निवडून पुढच्या वेळी खेळात घालावा: दोन प्रकारच्या होड्या, किंवा लहान-मोठ्या माशांचे दोन वेगळे साठे. एका वेळी एकच, म्हणजे कोणत्या बदलाने काय झाले ते कळते.

गुण देताना संघाच्या नफ्यावर देऊ नयेत. नफ्यावर गुण ठेवले तर आपणच मुलांना समुद्र उपसायला शिकवतो. खेळाआधी आणि खेळानंतर तोच एक प्रश्न लिहायला द्यावा, उदाहरणार्थ, ‘होड्या वाढल्या तर गावाची एकूण मासळी वाढेल का? कारणासह लिहा’, आणि दोन उत्तरांमधील कारणांची तुलना करावी.

आठवा टप्पा: दुसऱ्याच्या हाती देणे

पहिली चाचणी एका लहान गटावर घ्यावी आणि त्या वेळी स्वतः शिकवू नये; कोणा सहकाऱ्याला शिक्षक करून आपण फक्त पाहावे. जेथे तो सहकारी अडखळेल तेथे खेळाची मार्गदर्शिका अपुरी आहे. या मार्गदर्शिकेत खेळाचा हेतू, फेरीचा क्रम, मूळ आकडे, ते आकडे बदलल्यास होणारे परिणाम, चर्चेचे प्रश्न आणि प्रारूपाच्या उणिवा एवढे चार-पाच पानांत यावे. नेटवर्क गेल्यास काय करावे हेही त्यात असावे: चिंचोक्यांचा खेळ आणि छापील तक्ते तेथेच जोडून द्यावेत.

फाइलला आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख द्यावी आणि प्रत्येक बदल एका ओळीत नोंदवावा. खेळ इतरांनी मोकळेपणाने वापरावा आणि बदलावा असे वाटत असेल तर तशी मुभा देणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना फाइलच्या पहिल्या पानावरच स्पष्ट लिहावा. म्हणजे वेंगुर्ल्याच्या शिक्षकाला बांगड्याऐवजी खाडीतील शिंपल्यांचा किंवा खारफुटीचा खेळ करायचा असेल, तर विचारत बसण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही. कोपऱ्यातले चार आकडे आणि नावे बदलून तो पहिली फेरी सुरू करू शकेल.